पाचवं कारण

नारिंगी पिशवी ११८ ग्रॅम भरली. मी ती काट्यावरून उचलली, काटा शून्यावर आणला आणि पुन्हा ठेवली. ११८च. मी फार्मासिस्ट आहे. बावीस वर्षं इंग्लंडात, लँकॅस्टरमध्ये, दुसऱ्यांच्या गोळ्या मोजते आहे. काटा खोटं बोलत नाही हे मला कळतं. तरी तिसऱ्यांदा ठेवली.

ही पिशवी म्हणजे आतून चकचकीत मुलामा दिलेलं पातळ प्लॅस्टिक. उलगडली की अख्खा माणूस गळ्यापर्यंत आत मावतो, घडी घातली की साबणाच्या वडीएवढी होते. डोंगरात कोणी जायबंदी झालं किंवा गारठलं तर त्याला तिच्यात घालायचं. आठ वर्षांत मी ती एकदाही उघडली नव्हती. दरवेळी घरून न्यायची, दोन दिवस डोंगरभर वाहायची, परत आणून त्याच खणात टाकायची. टूथब्रशची दांडी कापून मी चार ग्रॅम वाचवले होते. झोपायच्या चटईऐवजी काचसामान गुंडाळतात ते फुग्याफुग्यांचं प्लॅस्टिक घेतलं होतं. नकाशाबाहेरचा एक कागद जवळ ठेवला नव्हता. आणि हे ११८ ग्रॅम मात्र नियमाने माझ्या पाठीवर लादलेले, दर खेपेला, विनाकारण.

दोन दिवसांची माउंटन मॅरेथॉन हा ब्रिटनमधला जुना वेडेपणा आहे. त्यातली सर्वांत जुनी स्पर्धा १९६८ साली जेरी चार्न्ली यांनी सुरू केली. बरीच वर्षं ती कॅरिमॉर या सॅक बनवणाऱ्या कंपनीच्या नावाने ओळखली जायची, आता तिला ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन म्हणतात. तिच्यासारख्या आणखी बऱ्याच निघाल्या. धावायचं जोडीने, आणि जोडी फुटता कामा नये. नकाशा आयत्या वेळी हातात पडतो. त्यावर चेकपॉइंट छापलेले असतात, वाट आपली आपण काढायची. जीपीएस चालत नाही. तंबू, झोपायची पिशवी, स्टोव्ह, छत्तीस तासांचं खाणं, सगळं पाठीवर. वाटेत काही टाकून द्यायचं नाही. रात्री एका माळावर सगळ्यांचे तंबू पडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोंगरातूनच परत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे इथली घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे ओल्या तंबूतली नेमकी तीच रात्र एका तासाने लांबते. हे कोणी मुद्दाम जुळवून आणलं असावं असा माझा जुना संशय आहे.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला इथल्या उंचीचे आकडे ऐकून हसू येतं. इंग्लंडमधलं सर्वांत उंच शिखर स्कॅफेल पाइक, ९७८ मीटर. आपलं कळसूबाई १६४६. पहिल्या वर्षी मीही हसले होते. आपल्याकडचा आषाढातला पाऊस झोडपतो, पण तो उबदार असतो. भिजून घरी आलं की डोकं पुसायचं, आल्याचा चहा घ्यायचा, संपलं. इथला पाऊस आडवा येतो. दर शंभर मीटर चढाला पारा अर्ध्या अंशाहून थोडा अधिक उतरतो, म्हणजे खाली आठ अंश असले तर धारेवर जेमतेम तीन, आणि वर वारा. हवेपेक्षा पाणी अंगातली ऊब पंचवीसेक पट वेगाने ओढून नेतं. ओला सदरा अंगावर असणं म्हणजे उघड्यापेक्षा फार बरं असतं असं नाही.

आईला फोनवर हे समजावून सांगायचा मी एकदा प्रयत्न केला होता.

"पण वर आहे काय? देऊळ?"

"काही नाही गं. एक खुंटी असते, तिच्यावर डबी. बोटाला अडकवलेली काडी त्या डबीत घातली की टीं वाजतं."

"मग?"

"मग पुढच्या खुंटीकडे जायचं."

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या आबांना निदान विठोबा तरी होता."

आबांचं लोणंदला शिंप्याचं दुकान होतं. ज्ञानोबांची पालखी लोणंदला मुक्कामाला येतेच, पण आबा तिची वाट बघत थांबत नसत; ते आळंदीहूनच चालत निघायचे. वारीच्या आधी आठ दिवस दुकानातली गिऱ्हाइकी बाजूला पडायची आणि मशीनवर पडशी चढायची. जुन्या पडशीची टीप उसवून पुन्हा मारायची, बंद ओढून बघायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने कोपरे हाताने पक्के करायचे. आत ठरलेलं सामान: दोन धोतरं, बंडी, टाळ, मेणकापडात गुंडाळलेला हरिपाठ, पायांना लावायला तेलाची बाटली, सुईदोरा, सातूचं पीठ, गूळ-शेंगदाणे. आणि प्लॅस्टिकचे दोन कागद. कागद म्हणजे तेच, पावसात डोक्यावरून घ्यायचं प्लॅस्टिक. नुसता कागद वाऱ्याने फाटतो म्हणून आबा त्याच्या कडेला कापडाची पट्टी टिपून घेत, आणि पट्टीच्या टिपेवर मेणबत्ती घासत. "पाणी कापडातनं येत न्हाई," ते म्हणायचे, "टिपंतनं येतं. सुई जिथनं गेली तिथनं पाणी जातं."

दोन कागद का, हे मी कधी विचारलं नाही. आई मात्र दरवर्षी विचारायची, कारण आबा एकच कागद घेऊन परत यायचे.

"ह्या सालीबी कागद घालवला?"

"राहिला कुठंतरी."

माझे मामा स्वतःला मोठे भाविक समजत. वारीच्या आदल्या संध्याकाळी ते दुकानाच्या फळीवर येऊन बसले आणि मशीनचा आवाज ऐकत म्हणाले, "पांडुरंगावर भरवसा आहे ना? मग एवढ्या टिपा कशाला मारताय? त्याला काळजी." आबांच्या तोंडात दोरा होता. त्यांनी तो दाताने तोडला आणि दुसरी टीप मारायला घेतली. उत्तर त्यांनी दिलंच नाही, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे राहिला.

प्रश्न तसा मामांचा एकट्याचा नव्हता. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत 'दैव श्रेष्ठ की प्रयत्न' हा विषय दर दोन वर्षांनी असायचाच. मी प्रयत्नाच्या बाजूने बोलून दुसरा नंबर काढला होता. पहिला नंबरही प्रयत्नवाल्याचाच. दैवाच्या बाजूने बोलायला कोणी उभं राहत नसे, पण निकालाच्या दिवशी सगळे मारुतीला जाऊन यायचे. पुढे कळलं की हा विषयच चुकीचा मांडलेला होता. दैव आणि प्रयत्न एका तराजूच्या दोन पारड्यांत बसवले की उत्तर कुठल्याही बाजूने खोटंच येतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडायला पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधाराने कर्म होतं तो देह, कर्ता, निरनिराळी करणं, म्हणजे साधनं, निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. मला पहिल्यांदा भावला तो या यादीचा शिंप्याला शोभेल असा हिशेबीपणा. दैव यादीत आहे, पण ते बाकीच्या चारांना रजा देत नाही. मामांचं गणित एकावर चालायचं, माझं वक्तृत्वाचं भाषण चारांवर. आबा पाचही धरून चालत असावेत. निदान टीप मारताना तरी.

मग शंकराचार्यांनी या दैवाचा अर्थ काय लावला आहे तो वाचला आणि मी थांबलेच. नशीब, ललाटरेषा, पूर्वसंचित असलं ते काही म्हणत नाहीत. दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता. ज्ञानेश्वरीतही हाच अर्थ आहे. म्हणजे डोळा चांगला असून भागत नाही, बाहेर उजेड असावा लागतो. उजेड देणं डोळ्याच्या हातात नाही. हे मी लोणंदला वाचलं असतं तर पौराणिक म्हणून सोडून दिलं असतं. पण लेक डिस्ट्रिक्टच्या धारेवर ढगात शिरून, दोन्ही डोळे शाबूत असताना स्वतःचे बूट न दिसण्याचा अनुभव घेतलेल्या माणसाला त्यात पौराणिक काही वाटत नाही. सूर्य, वारा, पाणी: हवामान खात्याचा अंदाज हा दैवाचाच अंदाज असतो.

आता करणं. माझ्या डोक्यात तेव्हा करण म्हणजे सामान असं पक्कं बसलं होतं. आमच्या स्पर्धांची सामानाची यादी हा मला एक प्रकारचा धर्मग्रंथच वाटतो, कारण ती आपल्यावर अजिबात विश्वास ठेवत नाही. पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट, दोन्हींच्या शिवणींवर आतून पट्टी चिकटवलेली असलीच पाहिजे (आबांना ही पट्टी दाखवायची राहून गेली). टोपी, हातमोजे, कोरडा जादा सदरा, होकायंत्र, शिट्टी, डोक्याला लावायची बॅटरी, बँडेज. संकटकाळचं वेगळं खाणं, जे स्पर्धा संपल्यावरही सॅकमध्ये शिल्लक असायला हवं. तुम्ही चुकाल, पडाल, भिजाल, अडकाल असं गृहीत धरून ती लिहिलेली असते. माणसाबद्दल एवढं स्पष्ट बोलणारे ग्रंथ फार नाहीत.

हा अविश्वास उगाच आलेला नाही. मार्च १९६४ मध्ये डर्बीशरच्या डोंगरात 'फोर इन्स' नावाच्या लांब चालण्याच्या स्पर्धेत तीन तरुण गारठून मेले. हिमालयात नव्हे, इंग्लंडच्या भर वस्तीच्या मुलखात. १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेवर गेलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्याच वर्षी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. त्यांनी स्पर्धकांच्या अंगावरचे कपडे तपासले. कोरडे असताना पुरेसे वाटणारे तेच कपडे भिजले आणि वर वारा लागला की ऊब धरून ठेवायची त्यांची ताकद फार थोडी उरते, हे त्यांनी मोजून दाखवलं. प्यू आणि आबा यांची गाठ पडली असती तर टिपेवर दोघांचं एकमत झालं असतं.

माझी जोडीदारीण एकसष्ट वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, पंथाने क्वेकर. हा पंथ आमच्याच भागात रुजलेला; त्याचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स १६५२ साली आमच्याकडून तासाभरावर असलेल्या पेंडल टेकडीवर चढला होता. क्वेकरांना पुजारी नाही, मूर्ती नाही, मंत्र नाहीत. रविवारी सगळे एका खोलीत गोल बसतात आणि गप्प राहतात. मी एकदा तिच्याबरोबर जाऊन बसले होते. चाळीस मिनिटांनी एक म्हातारे गृहस्थ उठून दोन वाक्यं बोलले आणि बसले. मला ते कीर्तनापेक्षा अवघड वाटलं.

स्पर्धेला निघायच्या आदल्या रात्री आम्ही माझ्या स्वयंपाकघरात सामान वाटून घेतलं. तंबूचं कापड तिच्याकडे, दांड्या आणि स्टोव्ह माझ्याकडे. खाण्यात तिचं कुसकुस, माझं सातूचं पीठ, मेतकूट आणि गूळ. मी विचारलं, "तू अशा वेळी प्रार्थना करतेस का?" ती जाकिटाची चेन वरखाली करत होती. म्हणाली, "ही काय, चेन तपासते आहे." मला वाटलं तिने विषय टाळला. आता तसं वाटत नाही.

शनिवारी सकाळी खालच्या माळावरच सॅक उडून जात होत्या. पहिल्या दिवसाला सहा तास होते. तेवढ्यात जमतील तितके चेकपॉइंट घ्यायचे, प्रत्येकाला ठरलेले गुण, उशीर झाला की मिनिटागणिक गुण कापतात. पहिले दोन चेकपॉइंट झटक्यात झाले. मी खुशीत होते. तिसऱ्याच्या आधी एक ओढा होता, नकाशावर केसाएवढी निळी रेघ. प्रत्यक्षात तो चहाच्या रंगाचा होऊन दगड गडगडत नेत होता. आत दगडावर दगड आपटल्याचा आवाज जमिनीतून पायाला जाणवत होता. मी पाऊल टाकायला निघाले तर तिने माझ्या सॅकचा पट्टा मागून धरला. काही बोलली नाही. आम्ही ओढ्याच्या कडेने वर चढत गेलो, जिथे तो उडी मारून ओलांडता येईल तिथपर्यंत. चाळीस मिनिटं गेली. वर ढग, आणि आम्ही हव्या त्या खिंडीच्या चुकीच्या बाजूला. होकायंत्र धरून पावलं मोजत उतरताना एका दगडी वाडग्याची भिंत समोर आली. मेंढ्या कोंडायची जागा, छप्पर नसलेली. मी भिंतीच्या आडोशाला नकाशा उघडणार तेवढ्यात आत कोणीतरी बसलेलं दिसलं.

दोन मुलगे, विशी-बाविशीतले. एक उभा राहून शिट्टी वाजवत होता. इथल्या रिवाजाप्रमाणे मिनिटाला सहा वेळा, मग थांबून पुन्हा. त्या वाऱ्यात ती आम्हाला तीस पावलांवर ऐकू आली नव्हती. दुसरा भिंतीला टेकून बसलेला. अंगावर जाकीट होतं, पण पाय उघडे, नुसती धावायची तोकडी चड्डी. पाऊस-पँट सॅकमध्ये होती, अगदी तळाशी, झोपायच्या पिशवीच्याही खाली. ती काढायला त्याला सॅकची चेन उघडायची होती आणि बोटं चेन धरत नव्हती. मी त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं ते शब्द दारू प्यायल्यासारखे ओघळत आले. थरथर थांबली होती, आणि ते वाईट लक्षण असतं. त्याच्या सोबत्याचीही बोटं गेली होती. त्यांचा तंबू गुंडाळलेलाच पडला होता.

इथे माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते, कारण त्याशिवाय बाकीच्या सांगण्याला अर्थ नाही. मी घड्याळ बघितलं. दोन तास पन्नास मिनिटं उरली होती, जवळचा चेकपॉइंट चाळीस गुणांचा होता. आणि मला त्या मुलाचा राग आला. पँट होती ना? वाहून आणली होती ना? मग घालायला काय झालं होतं?

दोनेक सेकंद. जोडीदारणीने तोवर तंबूचं कापड काढून आम्हा चौघांच्या डोक्यावरून घेतलं होतं. मी नारिंगी पिशवी काढली. तीही तळाशीच होती, दुसऱ्याला हसायचा मला अधिकार नव्हता. आठ वर्षांच्या घडीने ती चिकटली होती, दातांनी उकलावी लागली. त्याला कोरडा सदरा घातला, पँट चढवली, पिशवीत घातला, बुटांच्या खिळ्यांनी ती खाली फाटलीच. फुग्यांचं प्लॅस्टिक त्याच्या बुडाखाली. स्टोव्हवर पाणी तापवलं, त्यात गूळ विरघळवला आणि तो नीट गिळतो आहे याची खात्री करून घोट घोट पाजला. कापडाखाली चार माणसांच्या श्वासाने हवा कोंदट आणि हळूहळू कोमट झाली. पंधरा-वीस मिनिटांनी तो पुन्हा थरथरायला लागला. थरथर बघून एवढा आनंद मला कधी झालेला नाही. तासाभराने धड बोलायला लागला. पहिलं वाक्य: "सॉरी, तुमचा वेळ गेला." मग आम्ही चौघे सावकाश दरीत उतरलो, त्याला मध्ये घेऊन. अडीच तास लागले.

त्या रात्री, एक तास जास्तीच्या त्या रात्री, मला झोप लागली नाही. करण म्हणजे सामान हे माझं समीकरण वाडग्यातच मोडलं होतं. यादीतली प्रत्येक वस्तू त्या मुलाच्या पाठीवर होती, पण त्याची बोटं गेली होती. भाष्यकार करण म्हणतात ते इंद्रियांना: कान, डोळे, हात. सॅकमधली पँट हे करण नव्हेच, ती चढवणारी बोटं हे करण. आणि बोटांना चालवणारी ऊब बाहेरच्या देवतांच्या मर्जीवर. पाचवं कारण चौथ्यात, तिसऱ्यात, दुसऱ्यात पाझरत येतं, टिपेतून पाणी यावं तसं. 'मी करते' असं म्हणणाऱ्याला गीता लगेच पुढे अडाणी ठरवते. त्यात मला पूर्वी उपदेशाचा वास यायचा. आता तो नुसता बोटांचा अनुभव वाटतो.

दुसरी गोष्ट मला जास्त छळत होती. त्या मुलाच्या बाजूने बघितलं तर त्याचं त्या दिवसाचं दैव म्हणजे आम्ही होतो. तो घरी आईला सांगेल की नशीब म्हणून दोन बायका ढगातून आल्या. पण आमच्या बाजूने त्यात दैवी काय होतं? एक सक्तीची यादी, एक चिडलेली बाई, एक पट्टा धरणारी बाई आणि एक चुकलेली वाट. ओढ्याला पाणी नसतं तर आम्ही त्या वाडग्यापाशी कधीच गेलो नसतो. त्याच पाण्याने त्याला भिजवलं होतं.

मग हे पुण्य कोणाच्या खात्यावर? नियमच असा आहे की अडचणीतल्या स्पर्धकाला मदत करावीच लागते. नियमाने केलेलं पुण्य असतं का? मनात चाळीस गुणांचा हिशेब चालू असताना केलेलं? मी हे जोडीदारणीला अंधारात विचारलं. ती म्हणाली, "तो गरम झाला ना?" मी म्हटलं, झाला. "मग झोप." क्वेकर धर्मशास्त्र याहून मोठं असेल, पण मला तिथे तेवढंच मिळालं. माझं मत विचाराल तर, निर्मळ मनाने केलेल्या कर्माची मोठी महती गाणाऱ्या आपल्या परंपरेने नियमाला थोडा कमी मान दिला आहे. मन त्या दोन सेकंदांत निर्मळ नव्हतं. ११८ ग्रॅम तिथे होते ते नियमामुळे, आणि त्या पिशवीला माझ्या मनाशी काही देणंघेणं नव्हतं.

आबांचा दुसरा कागद मला त्या रात्री आठवला हे सांगायला नकोच. पण आबा पुण्यवान आणि मी हिशेबी, अशी विभागणी करायचा मोह मी टाळते. त्यांनाही दिवे घाटात कोणा भिजलेल्या म्हाताऱ्याचा राग आला असेल. कागद देताना ते काय पुटपुटले कोणाला ठाऊक. ते फक्त एवढंच करायचे की निघतानाच दोन घ्यायचे, म्हणजे ऐन वेळी मनाला विचारावं लागत नसे.

आईचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे: जायचंच कशाला? तो मी हसण्यावारी नेत नाही. २५ ऑक्टोबर २००८ला बोरोडेलमध्ये याच जुन्या स्पर्धेत पुराने रस्ते बुडाले, भर दिवसा स्पर्धा थांबवावी लागली आणि त्या रात्री बातम्यांत सतराशेच्या आसपास माणसांचा ठावठिकाणा नाही असं सांगत होते. देशभर संताप झाला. सकाळी कळलं की बहुतेक जण आपापल्या तंबूंत, गोठ्यांत नाहीतर होनिस्टरच्या खाणीत रात्र काढून धडधाकट आहेत. कोणीही दगावलं नाही. स्पर्धकांनी म्हटलं, बघा, आम्ही आमचं सगळं पाठीवर घेऊन हिंडतो, आमची काळजी करू नका. ते बरंचसं खरं होतं. पण खाणीतल्या माणसांनी दारं उघडली होती, बचाव पथकाचे लोक रात्रभर पाण्यात उभे होते, आणि इथली डोंगरातली बचाव पथकं लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रच्या पोरांसारखीच बिनपगारी असतात. स्वतःच्या मर्जीने वर जाणाऱ्याने 'माझं मी बघेन' म्हणणं हा मामांच्या 'त्याला काळजी'चाच दुसरा अवतार आहे. एकाने सगळं देवावर टाकलं, दुसऱ्याने देवाला यादीतून काढलं. दोघांचं ओझं शेवटी भलत्याच कोणाच्या तरी खांद्यावर येतं.

तरी मी जाते. विठोबा नाही, खुंटी आहे, हे आईचं म्हणणं मला मान्य आहे. माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच की गोळ्यांच्या दुकानात, गरम खोलीत, पाचांपैकी चारच कारणं दिसतात.

निकालपत्रात आमच्या नावांपुढे गुणांच्या जागी 'माघार' असं छापलं होतं. परत आल्यावर नवऱ्याने सॅक उपसून सामान वाळत घातलं आणि विचारलं, नारिंगी पिशवी कुठे आहे? मी सांगितलं. नवी मागवली, ती १२४ ग्रॅमची निघाली, जुनीपेक्षा सहा ग्रॅम जास्त. ती मी सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवली आहे, पाऊस-पँटच्याही वर.